अंतःप्रेरणेचे पारखी : संत इग्नेशियस लोयोला

दरवर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. योद्धा, यात्रेकरू, विद्यार्थी, धर्मगुरू आणि संघप्रमुख अशा विविध अंगांनी त्यांचे चरित्र सांगितले जाते. परंतु ख्रिस्ती अध्यात्माला त्यांनी दिलेली सर्वांत मोलाची देणगी कोणती, असे विचारले तर अंतःप्रेरणेची पारख, हेच उत्तर द्यावे लागेल.

मनात एखादा विचार अवचित उमटतो. हे करावे, ते सोडावे, या वाटेने जावे, असा कौल आतूनच मिळाल्यासारखा वाटतो. तो कौल देवाचा, आपल्या हव्यासाचा, की केवळ भीतीचा? शिक्षण, नोकरी, विवाह, व्रतस्थ जीवन, परदेशगमन, वडिलोपार्जित जमिनीची विक्री अशा प्रत्येक वळणावर हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. चुकीचा कौल खरा मानला तर आयुष्याची वर्षे वाया जातात, आणि खरा कौल दुर्लक्षिला तर मनाला कायमची रुखरुख लागून राहते. इग्नेशियस यांनाही या प्रश्नाचे उत्तर उपजत ठाऊक नव्हते. ठेचा खात, अडखळत, वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाचे निरीक्षण करीत ते त्यांना शोधावे लागले.

लोयोलाची गढी आणि पाम्प्लोनाचा किल्ला

स्पेनच्या उत्तरेस बास्क प्रांतात आस्पेइतिया गावाजवळ लोयोला घराण्याची गढी आहे. तेथे १४९१ साली एका सरदार कुटुंबातील शेंडेफळ म्हणून इनिगोचा जन्म झाला. आई त्याच्या बालपणीच निवर्तली. सुमारे पंधराव्या वर्षी त्याला आरेव्हालो येथे कास्तील राज्याच्या खजिनदाराच्या घरी दरबारी रीतिरिवाज शिकण्यासाठी पाठविण्यात आले. तलवारबाजी, उंची वस्त्रे, शौर्यकथांचे वाचन आणि कीर्तीची अनिवार हाव यांत त्याचे तारुण्य सरले. खजिनदाराचे वैभव ओसरल्यावर आणि १५१७ साली त्यांचे निधन झाल्यावर इनिगो नाव्हारच्या व्हाइसरॉयच्या सेवेत रुजू झाला.

१५२१ साली फ्रेंच सैन्याने पाम्प्लोना शहराला वेढा दिला. शत्रूचे बळ मोठे होते आणि शरणागती पत्करावी, असेच बहुतेक सहकाऱ्यांचे मत होते. इनिगोने मात्र हट्टाने किल्ला लढविण्यास भाग पाडले. २० मे रोजी तोफेच्या गोळ्याने त्याच्या एका पायाचे हाड मोडले व दुसरा पायही जखमी झाला. तो कोसळताच किल्ला पडला. फ्रेंचांनी त्याच्यावर उपचार केले आणि पाळण्यातून त्याला घरी पोहोचविले. वाटेत हाड सरकले होते, म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. संत पीटर व संत पॉल यांच्या सणाच्या आदल्या दिवशी तो मृत्यूच्या दारात होता. त्याच रात्री त्याच्या प्रकृतीला उतार पडला. पुढे गुडघ्याखाली हाडाचा एक उंचवटा राहिल्याचे दिसले. घट्ट बूट घालता येणार नाहीत, या एकाच कारणाने त्याने ते हाड करवतीने कापून घेतले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात हे दिव्य त्याने केवळ दिखाऊपणासाठी सोसले.

दोन स्वप्ने, दोन चवी

अंथरुणास खिळलेल्या इनिगोने वेळ घालविण्यासाठी शौर्यकथा मागितल्या. गढीत त्या नव्हत्या. साक्सनीच्या लुडोल्फ यांनी लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा एक संग्रह एवढेच ग्रंथ हाती आले. नाइलाजाने उघडलेली ती पुस्तके त्याला हळूहळू भावू लागली. तो त्यांतील निवडक भाग वहीत उतरवून घेऊ लागला. ख्रिस्ताचे शब्द लाल शाईने व पवित्र मरियेचे निळ्या शाईने. अशी सुमारे तीनशे पाने भरली.

वाचनाच्या मधल्या वेळात तो दिवास्वप्नांत रमत असे. कधी एका थोर कुळातील स्त्रीची मर्जी संपादन करण्यासाठी आपण कोणते पराक्रम गाजवू, याचा विचार तासन् तास चाले. कधी संत फ्रान्सिस व संत डॉमनिक यांच्याप्रमाणे आपणही अनवाणी जेरुसलेमला जावे, पालेभाज्यांवर राहावे, असे मनात येई. दोन्ही स्वप्ने रंगलेली असताना सारखीच गोड वाटत. परंतु एके दिवशी त्याला एक लहानसा फरक जाणवला. पहिले स्वप्न विरल्यावर मन कोरडे व असमाधानी होत असे. दुसरे विरल्यावरही मनात प्रसन्नता रेंगाळत असे.

आपल्या मनात घडणाऱ्या गोष्टींकडे थोडे दूर राहून पाहण्याची ही त्याच्या आयुष्यातील पहिलीच वेळ होती. प्रेरणेची पारख तिच्या पहिल्या गोडीवरून करू नये, ती निघून गेल्यावर मागे काय उरते ते पाहावे, हे सूत्र त्याला लोयोलाच्या त्या खोलीत गवसले. पुढे त्याने जे काही शिकविले, त्याचे बीज येथेच आहे.

खेचराने दिलेला कौल

बीज रुजले म्हणून पीक लगेच हाती येत नाही. १५२२ च्या आरंभी मोन्सेरातच्या मरियामंदिराकडे जाताना वाटेत इनिगोची एका मुस्लिम प्रवाशाशी गाठ पडली. पवित्र मरियेच्या अखंड कौमार्याविषयी त्यांच्यात वाद झाला आणि तो प्रवासी घाईने पुढे निघून गेला. आपण मरियेच्या सन्मानाचे रक्षण केले नाही, या विचाराने इनिगो अस्वस्थ झाला. त्या माणसाला गाठून खंजीर खुपसावा, अशी तीव्र ऊर्मी त्याच्या मनात उसळली. हे योग्य की अयोग्य, ते त्याला ठरविता येईना. अखेर त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर गावाच्या वाटेने वळले तर त्या माणसाचा शोध घ्यायचा, हमरस्त्याने गेले तर त्याला सोडून द्यायचे, असे त्याने ठरविले. गावाचा रस्ता रुंद व सोयीचा होता आणि गावही हाकेच्या अंतरावर होते. तरीही खेचर हमरस्त्याने गेले.

उतारवयात आपली जीवनकथा सांगताना इग्नेशियस यांनी हा प्रसंग वगळला नाही. भक्तीच्या आवेशातून उठलेली ऊर्मी पवित्रच असते, हा समज किती घातक ठरू शकतो, हे त्यातून कळते. त्या दिवशी एका निरपराध माणसाचा प्राण केवळ एका मुक्या जनावरामुळे वाचला. अंतःकरणात आवेग होता. त्याची पारख करणारा विवेक अद्याप घडायचा होता.

मोन्सेरातला त्याने तीन दिवस लेखी तयारी करून संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन केले. २४ मार्च १५२२ च्या रात्री आपली उंची वस्त्रे त्याने एका भिकाऱ्याला दिली, जाडेभरडे गोणपाटी वस्त्र परिधान केले आणि मरियेच्या वेदीपुढे रात्रभर जागरण केले. तलवार व खंजीर तेथेच ठेवून पहाटे तो निघाला. काही वेळाने मागून एक जण धावत आला. त्या भिकाऱ्यावर वस्त्रे चोरल्याचा आळ आला होता. आपल्या दानामुळे दुसऱ्याला त्रास झाला, हे ऐकून इनिगोचे डोळे पाणावले.

मान्रेसाची शाळा

काही दिवसांसाठी म्हणून तो मान्रेसा गावी थांबला आणि तेथे सुमारे अकरा महिने राहिला. दररोज सात तास प्रार्थना, भिक्षेवर निर्वाह, वाढविलेले केस व नखे असे त्याचे जीवन होते. प्रारंभीच्या आनंदानंतर एक भयंकर काळ आला. आपण सर्व पापे सांगितली नाहीत, या संशयाने त्याला ग्रासले. पुनःपुन्हा पापनिवेदन करूनही शांती मिळेना. जीव द्यावा, असा विचारही त्याला छळू लागला. देवाने सोडवणूक करेपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असे ठरवून त्याने आठवडाभर उपवास केला. धर्मगुरूंनी तो मोडण्याची आज्ञा दिली आणि त्याने ती मानली. अखेरीस हे संशय कोणत्या वाटेने मनात शिरतात आणि कोठे नेतात, हे त्याने तपासले. ते पश्चात्तापाकडे नेत नव्हते, निराशेकडे नेत होते. जुनी पापे पुन्हा उकरायची नाहीत, असा निश्चय करताच तो मोकळा झाला.

येथेच त्याला चकवा देणाऱ्या प्रेरणांचीही ओळख झाली. हवेत सर्पासारखी एक सुंदर, अनेक डोळ्यांप्रमाणे चमकणारी आकृती त्याला वारंवार दिसे. ती दिसताना आनंद होई, नाहीशी झाल्यावर मन खिन्न होई. तसेच रात्री झोपायला गेल्यावर उदात्त विचार दाटून येत आणि आधीच कमी असलेली झोप हिरावून घेत. देवासाठी दिवसाचे इतके तास राखून ठेवले असताना झोपेची वेळ खाणारे हे विचार कोठून येतात, असे त्याने स्वतःला विचारले आणि ते बाजूला सारून तो झोपू लागला. चांगला दिसणारा प्रत्येक विचार चांगल्या ठिकाणाहून येतोच असे नाही, हा धडा त्याने या साध्या अनुभवातून घेतला.

एके दिवशी कार्दोनेर नदीच्या काठी तो प्रवाहाकडे तोंड करून बसला असता त्याच्या बुद्धीला अपूर्व प्रकाश लाभला. त्याला काही दृश्य दिसले नाही. पण श्रद्धा, जीवन व विद्या यांविषयीच्या अनेक गोष्टी त्याला नव्याने उमगल्या. आयुष्यभरात मिळालेले सारे ज्ञान एकत्र केले तरी त्या एका क्षणाची बरोबरी होणार नाही, असे त्यांनी वृद्धपणी नमूद केले. त्यानंतरच त्या चमकत्या आकृतीचे खरे स्वरूप त्याने ओळखले. मात्र हा प्रकाश रिकाम्या मनावर अकस्मात पडला नव्हता. त्यामागे कित्येक महिन्यांची प्रार्थना, निरीक्षण आणि झगडा होता.

नकार पचविणारी प्रेरणा

उरलेले आयुष्य जेरुसलेममध्ये घालवावे, अशी इनिगोची उत्कट इच्छा होती. सप्टेंबर १५२३ मध्ये तो तेथे पोहोचला. पवित्र स्थळांची जबाबदारी सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी मात्र त्याच्या जिवाला धोका असल्याचे जाणून राहण्यास परवानगी नाकारली. आज्ञा मोडल्यास धर्मबहिष्काराचा अधिकार आपल्याला असल्याचेही त्यांनी सांगितले व पोप महोदयांची आज्ञापत्रे दाखविण्याची तयारी दर्शविली. ती न पाहताच इनिगोने आज्ञा स्वीकारली. आपली प्रेरणा कितीही दृढ असली तरी तिला ख्रिस्तसभेच्या कसोटीला उतरावे लागते, हे त्याने कटुता न बाळगता मान्य केले.

परतल्यावर इतरांना आध्यात्मिक साहाय्य करायचे तर शिकले पाहिजे, असे त्याने ठरविले. बार्सिलोना येथे तेहतीस वर्षांचा हा माजी योद्धा मुलांबरोबर लॅटिनचे व्याकरण घोकू लागला. धडा पाठ करायला बसला की आध्यात्मिक विचारांची नवी गोडी उत्पन्न होई आणि पाठांतर राहून जाई. प्रार्थनेत किंवा मिस्साच्या वेळीही जे विचार इतक्या जोमाने येत नाहीत ते नेमके अभ्यासाच्या वेळी का यावेत, असा प्रश्न त्याला पडला. हा मोह आहे, हे ओळखून तो शिक्षकांकडे गेला, त्यांना सारे सांगितले आणि दोन वर्षे एकही पाठ न चुकविण्याचे वचन दिले. त्यानंतर तो त्रास थांबला.

आल्काला येथे त्याला बेचाळीस दिवस व सालामांका येथे बावीस दिवस तुरुंगवास घडला. ईशज्ञानाचे रीतसर शिक्षण नसताना लोकांना आध्यात्मिक मार्गदर्शन करतो, म्हणून त्याच्यावर संशय घेण्यात आला होता. दोन्ही ठिकाणी त्याच्या शिकवणुकीत दोष आढळला नाही. फेब्रुवारी १५२८ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथील विद्यापीठातच इग्नेशियस हे नाव त्याने धारण केले.

मित्रांचा संघ

पॅरिसला सेंट बार्ब महाविद्यालयात इग्नेशियस यांच्या खोलीत पीटर फाबर आणि फ्रान्सिस झेवियर हे दोन तरुण विद्यार्थी राहत होते. फाबर यांचे मन संशयांनी व्याकूळ होते; इग्नेशियस त्याच आगीतून गेले असल्याने त्यांना धीराने वाट दाखवू शकले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरील प्रार्थनामंदिरात सात मित्रांनी व्रते घेतली. जेरुसलेमला जायचे, आणि वर्षभरात ते जमले नाही तर पोप महोदय पाठवतील तेथे जायचे, असा त्यांचा संकल्प होता. युद्धामुळे जहाज मिळाले नाही आणि इग्नेशियस यांचे जेरुसलेमचे स्वप्न दुसऱ्यांदा भंगले. ते रोमला आले.

१५३९ साली या मित्रांनी सुमारे तीन महिने विचारविनिमय केला. स्वतंत्र संघ स्थापन करून आपल्यापैकीच एकाच्या आज्ञेत राहावे काय, हा प्रश्न होता. दिवसभर सेवाकार्य व प्रार्थना करायची, एकमेकांचे मन वळवायचे नाही आणि संध्याकाळी एकत्र जमून प्रत्येकाने मत मांडायचे, अशी पद्धत त्यांनी ठरविली. एके दिवशी सर्वांनी केवळ विरोधातील कारणे सांगितली, दुसऱ्या दिवशी केवळ बाजूची. निर्णय एकमताने झाला. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. एप्रिल १५४१ मध्ये इग्नेशियस संघप्रमुख म्हणून निवडले गेले. त्यांनी प्रथम नकार दिला, पुन्हा मतदान घ्यायला लावले आणि आपल्या पापनिवेदक धर्मगुरूंचा सल्ला घेऊनच पद स्वीकारले.

पारखीचे नियम

मान्रेसापासून टिपलेल्या अनुभवांतून 'आध्यात्मिक साधना' हे छोटेखानी पुस्तक आकारास आले. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्यास मान्यता दिली. साधारण तीस दिवसांच्या तपसाधनेची ती मार्गदर्शिका आहे. तिच्यात अंतःप्रेरणा ओळखण्याचे नियम दोन गटांत दिले आहेत. पहिल्यात चौदा व दुसऱ्यात आठ. त्यांतील काहींचा आशय आपल्या नित्य जीवनात सहज उपयोगी पडेल.

मन उदास व शुष्क असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उलट प्रार्थना थोडी वाढवावी व धीर धरावा. मन प्रसन्न असताना पुढे येणाऱ्या शुष्क दिवसांची तयारी करावी. सन्मार्गाने चालणाऱ्याच्या मनात चांगली प्रेरणा स्पंजात पाणी मुरावे तशी हळुवार शिरते. वाईट प्रेरणा दगडावर पडणाऱ्या पाण्यासारखी आवाज करीत येते. मोह शत्रूच्या सेनापतीसारखा असतो. तटबंदी जेथे कच्ची तेथेच तो घाला घालतो. त्याला गुप्तता हवी असते, म्हणून जाणत्या मार्गदर्शकाला मन उघडून दाखविले की त्याचे बळ सरते. एखाद्या विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट असे तिन्ही टप्पे तपासावेत, कारण आरंभ साजिरा असूनही शेवट घसरलेला असू शकतो.

निर्णय घेताना मनात स्पष्ट कौल नसेल तर इग्नेशियस बुद्धीला कामाला लावतात. लाभ आणि तोटे मांडावेत. आपल्याला अनोळखी अशा एखाद्या व्यक्तीने हाच प्रश्न विचारला असता तर तिला कोणता सल्ला दिला असता, याचा विचार करावा. मृत्युशय्येवर आपण कोणता निर्णय घेतला असावा असे वाटेल, तेही पाहावे. मग तो निर्णय प्रार्थनेत देवापुढे ठेवावा. दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करण्याचा त्यांचा आग्रह याच कारणासाठी होता. प्रेरणेची पारख ही सवयीने मुरणारी गोष्ट आहे. ऐन प्रसंगी ती उसनी आणता येत नाही.

स्वतः इग्नेशियस अखेरपर्यंत या नियमांनी चालले. १५४४ साली संघाच्या काही चर्चना ठरावीक उत्पन्न असावे की नसावे, यावर त्यांनी सुमारे चाळीस दिवस चिंतन केले आणि आपल्या मनाची स्थिती रोजनिशीत नोंदविली. उत्पन्न नसावे, असा निष्कर्ष निघाल्यावरही ते आणखी खुणा मागत राहिले. अखेर त्यांना उमगले की, हा आग्रह देवासाठी नसून स्वतःच्या समाधानासाठी आहे. तेथेच त्यांनी तो विषय संपविला.

१५५२ साली सम्राट पाचवे चार्ल्स यांच्या विनंतीवरून फ्रान्सिस बोर्जा यांना कार्डिनलपद देण्याचे घाटत होते. इग्नेशियस यांनी तीन दिवस प्रार्थना केली. मन कधी मोकळे तर कधी साशंक होत होते. अखेर विरोध करणे हेच आपले कर्तव्य, अशी त्यांची खात्री पटली. तरीही बोर्जा यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मान्य केले की, तोच पवित्र आत्मा अन्य कारणांसाठी दुसऱ्यांना उलट दिशेने प्रेरित करू शकतो. स्वतःची खात्री पक्की ठेवूनही दुसऱ्याच्या अंतःकरणातील देवाचे कार्य नाकारायचे नाही, ही नम्रता दुर्मीळ आहे.

आपल्या भूमीशी नाते

पारख म्हणजे भविष्यज्ञान नव्हे, हेही त्यांच्या चरित्रात दिसते. भारतात जाण्यासाठी निवडलेले बोबादिया आजारी पडल्यामुळे ऐनवेळी फ्रान्सिस झेवियर यांना निघावे लागले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलाविणारे पत्र लिहिले. परंतु झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मरण पावले होते. पत्र लिहिणाऱ्यास त्याची वार्ताही नव्हती. हाती असलेल्या माहितीवर प्रामाणिकपणे निर्णय घ्यावा आणि फळ देवावर सोपवावे, इतकेच माणसाच्या हाती असते. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत छापले गेले. लोयोलाच्या खोलीत उमटलेल्या एका लहानशा जाणिवेचा ओघ असा आपल्या भाषेपर्यंत पोहोचला.

शांत अखेर

१५५५ साली पोप चौथे पॉल यांची निवड झाल्याची वार्ता ऐकून इग्नेशियस हादरले. या पोप महोदयांचे येशूसंघाविषयीचे मत त्यांना ठाऊक होते. ते काही न बोलता प्रार्थनामंदिरात गेले आणि थोड्या वेळाने शांत व प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले. भय त्यांनाही वाटत असे. पण त्या भयाला ते निर्णय करू देत नसत.

३१ जुलै १५५६ रोजी पहाटे रोम येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा येशूसंघाचे सुमारे एक हजार सदस्य होते. १२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस झेवियर व आविलाच्या तेरेजा यांच्यासह त्यांना संतपद बहाल करण्यात आले आणि १९२२ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना आध्यात्मिक साधनांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. येशूसंघातून आलेले पहिले पोप, पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात बुधवारच्या धर्मशिक्षणासाठी अंतःप्रेरणेची पारख हाच विषय निवडला होता.

आज आपल्यापर्यंत पोहोचणारे आवाज अगणित आहेत आणि प्रत्येक आवाज तातडीने उत्तर मागतो. अशा वेळी रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसून आजच्या दिवसातील कोणत्या विचाराने मन शांत ठेवले व कोणत्या विचाराने कोरडे केले, एवढे पाहण्याची सवय आपण लावून घेऊ या. मोठा निर्णय समोर असेल तर उदास मनाने तो घेऊ नये आणि एखाद्या जाणत्या व्यक्तीपाशी मन मोकळे करावे. आपली मुले आयुष्याची वाट निवडत असताना आपली इच्छा त्यांच्यावर न लादता त्यांनाही ही सवय शिकवावी. संत इग्नेशियस यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांना खऱ्या प्रेरणेची ओळख आणि तिला अनुसरण्याचे धैर्य लाभो.